पन्नाशीनंतरचे टेस्टोस्टेरॉन: तपासणी कशी करावी आणि आकडा कमी आला तर काय करावे

साठी जवळ आली की थकवा, सुटलेले पोट, कमी झालेली कामेच्छा या साऱ्यांचे खापर टेस्टोस्टेरॉनवर फुटते आणि थेट इंजेक्शनची चौकशी सुरू होते. हा क्रम उलटा आहे. चाळिशीनंतर हे पुरुषी हार्मोन दरवर्षी साधारण एक टक्का घटतेच. आकडा त्याहून बराच खाली गेला असेल, तर त्यामागे बहुधा पोटाची चरबी, मधुमेह, बिघडलेली झोप किंवा दारू असते.

रक्त सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी द्या. चहा-पावानंतर दिलेल्या रक्तात आकडा कमी येतो, दुपारीही उतरलेला असतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर ते रक्त देऊन झाल्यावर, नाश्त्यासोबत घ्या. उपाशीपोटी घेऊन प्रयोगशाळेत ताटकळत बसल्यास साखर एकदम उतरू शकते. पावसाळ्यात डेंग्यू किंवा दुसरा कुठलाही ताप येऊन गेला असेल, तर तीन-चार आठवडे थांबा. आजारपणात हे हार्मोन तात्पुरते कोसळते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. त्या गोळ्यांमुळे यंत्रावरचा आकडा चुकू शकतो.

एकूण टेस्टोस्टेरॉन ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आले, तर काही आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करा. रिपोर्टमध्ये नॅनोमोल प्रति लिटर लिहिले असेल तर आकड्याला २८.८ ने गुणा. दुसऱ्या वेळी एसएचबीजी, एलएच (मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीकडून वृषणांना इशारा देणारे हार्मोन) आणि प्रोलॅक्टिन (त्याच ग्रंथीचे दुसरे हार्मोन) हेही तपासून घ्या. यातले एसएचबीजी अनेकदा राहून जाते आणि तिथेच घोटाळा होतो. ते हार्मोनला रक्तात धरून ठेवणारे प्रथिन आहे. लठ्ठपणा आणि मधुमेहात ते घटते, त्यामुळे एकूण आकडा कमी दिसतो, पण शरीराला वापरता येणारा मुक्त भाग पुरेसा असू शकतो. उतारवयात उलट घडते: एसएचबीजी वाढते, एकूण आकडा बरा दिसतो, मुक्त भाग मात्र कमी असतो. एलएच वाढलेले असेल तर दोष वृषणात. ते कमी किंवा सामान्य असेल तर मेंदूकडून येणारा इशाराच कमी पडतो आहे. लठ्ठपणात बहुधा हेच सापडते.

त्याच दिवशी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर; ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाचा उंबरठा), ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी, १५० च्या आत हवी) आणि एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल, ४० च्या वर) पाहा. कंबर घरीच मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप लावा आणि सहज श्वास सोडल्यावर वाचा. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, कारण पँट पोटाखाली बसते. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटीमीटर ही मर्यादा. पोटावरच्या चरबीतले एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन करते, आणि टेस्टोस्टेरॉन घटले की चरबी आणखी साठते. हे चक्र कमरेपासूनच तोडावे लागते.

शीत-कडी, म्हणजे गोव्याकडचा भात आणि माशांची कढी, सोडायची गरज नाही. ताटातला वाटा बदला. उकड्या तांदळाचे शीत निम्मे करा, त्या जागी भाजी आणि कुळीथ-मूग घ्या. रोज बांगडा किंवा तारले खा, पण रवा लावून तळलेले नव्हे, हुमणातले (नारळाच्या रश्शातले), नारळ बेताने. वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने हवीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. फेणीच्या (काजूच्या कडक दारूच्या) ६० मिलिलिटरमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे दीडशेच्या जवळपास कॅलरी. हुर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) सौम्य म्हणून जास्त प्यायला जातो, आणि लिंबाच्या गोड सोड्यातली साखर वेगळीच. रोजची दारू वृषणांना थेट मारक आहे. काजूच्या मोसमातही तिला सवलत नाही.

आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे आवश्यकच आहे, पण स्नायू टिकवायला तेवढे पुरत नाही. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम करा: हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे, असे तीन फेरे. मोठ्याने घोरणे आणि दिवसा पेंग येणे असेल तर स्लीप ॲप्नियाची (झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराची) तपासणी करा. वजन दहा टक्के उतरले तर अनेकांचा आकडा औषधाविना वर येतो.

दोन्ही रिपोर्ट कमी आणि कामेच्छा किंवा सकाळचा ताठरपणा कमी झालेला, असे एकत्र असेल तेव्हाच टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शन किंवा जेलच्या उपचाराचा विचार करा. दोन्ही रिपोर्ट घेऊन बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा खासगीत एंडोक्रिनॉलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनतज्ज्ञाला, दाखवा. सुरुवातीआधी पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आणि हिमॅटोक्रिट (रक्तातले लाल पेशींचे प्रमाण) तपासलेच पाहिजे. ते तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा, मग दरवर्षी. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेले तर औषध थांबवावे लागते, कारण रक्त घट्ट होऊन गुठळीचा धोका वाढतो. प्रोस्टेटचा कर्करोग असल्यास किंवा गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात झाला असल्यास हा उपचार सुरू करत नाहीत. मूल हवे असेल तर इंजेक्शन नकोच. त्याने शुक्राणू घटतात. जेल लावत असाल तर हात साबणाने धुवा आणि ती जागा कपड्याने झाका. नातवंडाला उचलून घेताना ते त्याच्या कातडीला लागता कामा नये.