शिरस्त्राणातला नमदा चपटा होत होता, त्यावरचा उपाय

आतला 10 मिमी नमदा (मुळात लोकर दाबून केलेलं जाड कापड) थोड्याच सरावात पापडासारखा झाला. काठाचे चार तंतू जाळले, तर लोकरीला येतो तसा जळक्या केसांचा वास नाही, उलट वितळून कडक मणी. म्हणजे कृत्रिम धाग्यांची भेसळ.

नवी ऑर्डर देताना नुसती जाडी सांगितली नाही. 100 टक्के लोकर, 5 मिमी, घनता 0.25 ग्रॅम प्रति घन सेंमी, असं लिहूनच दिलं. या हिशेबाने 20×20 सेंमीचा नमुना 50 ग्रॅम भरतो. 40 भरला तर सरळ परत करा. 5 मिमीचे दोन थर वापरले, कारण एकच जाड थर गोलाईत आतून चुण्या धरतो. कापण्याआधी कोमट पाण्यात भिजवून सावलीत वाळवला, नाहीतर घामाने नंतर आटतो. टाके सैलसरच घाला. घट्ट ओढले की नमदा तिथेच दबतो.