घरच्या घरी पिटा
गोव्यात सकाळी पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, येणारी पोई (गोव्याचा पाव) आतून पोकळ असते, त्यामुळे पश्चिम आशियातील पिटा ही पोकळ रोटी आपल्याला फारशी परकी वाटत नाही. पिटाची पोकळी तीव्र आचेमुळे तयार होते: पिठातील पाण्याची झपाट्याने वाफ होते आणि ती वरचा व खालचा थर एकमेकांपासून अलग करते.

४०० ग्रॅम मैद्यात ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, एक चमचा मीठ, चिमूटभर साखर आणि एक मोठा चमचा तेल मिसळावे. सुमारे २५० मिलिलिटर कोमट पाण्याने मऊ पीठ भिजवून ते १० मिनिटे मळावे. मात्र पावसाळ्यात आपल्याकडील मैदा दमट झालेला असतो, म्हणून पाणी थोडे थोडे घालावे. निम्म्या मैद्याऐवजी कणीक (गव्हाचे पीठ) घेतल्यास चव मला अधिक आवडते, परंतु पाणी किंचित जास्त लागते. पीठ झाकून ठेवावे. आपल्या उकाड्यात ते तासाभराच्या आतही दुप्पट फुगते, तेव्हा घड्याळापेक्षा पिठावर लक्ष असावे.

आठ गोळे करून, १० मिनिटांनी ते अर्धा सेंटीमीटर जाडीचे लाटावेत. पारीला चीर किंवा घडी पडू देऊ नये, कारण तेथूनच वाफ निसटते आणि पिटा फुगत नाही. ओव्हन २५० अंश सेल्सिअसवर, ट्रे आत ठेवूनच, पुरेसा तापवावा आणि पारी तापलेल्या ट्रेवर टाकून ४-५ मिनिटे भाजावी. ओव्हन नसल्यास बिडाचा तवा कडकडीत तापवून दोन्ही बाजूंनी भाजावे. भाजलेले पिटा लगेच सुती फडक्यात गुंडाळावेत, म्हणजे ते मऊ राहतात.