एका गुंठ्यात मावणारा अँटेना: चाळीस आणि ऐंशी मीटरसाठी

एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, आणि चाळीस मीटर बँडच्या (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) साध्या डायपोलला, म्हणजे मध्ये केबल जोडलेल्या दोन सारख्या तारांच्या अँटेनाला, तार लागते ६६ फूट. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना हातात आला, रिग (रेडिओ संच) टेबलावर आली, की टेप घेऊन बागेत उतरलेला माणूस इथेच हिरमुसतो. मग तो कोपऱ्यात मावणाऱ्या एखाद्या महागड्या अँटेनाच्या मागे लागतो. तसं करू नका. बहुतेकांचं काम तारेनेच होतं, फक्त ती कशी टांगायची ते कळायला हवं.

आधी ठरवा: बोलायचं कोणाशी?

आडवा डायपोल जमिनीपासून २०–३० फुटांवर असेल, तर चाळीस मीटरवर त्याची बरीचशी ताकद सरळ आकाशाकडे जाते. तिथल्या आयनांबरातून ती छत्रीसारखी खाली पसरते. म्हणजे दिवसा कोल्हापूरहून नाशिक किंवा पुण्याहून नागपूर गाठायला बुटका अँटेनाच बरा. ‘अँटेना जितका उंच तितका चांगला’ हे खरं आहे, पण परदेशी स्टेशनांच्या मागे लागणाऱ्यांसाठी. आडव्या तारेतून क्षितिजालगत लहरी फेकायच्या तर चाळीस मीटरवर ती निदान ६५ फुटांवर हवी, म्हणजे सहा मजले वर. बागेतून तेवढं लांब जायचं असेल तर उभ्या अँटेनाचा विचार करा. त्याबद्दल पुढे.

मग मोजा, पण कर्ण

बाजू मोजून निराश होऊ नका. ३३ बाय ६६ फुटांच्या दोन गुंठ्यांचा कर्ण जवळजवळ ७४ फूट भरतो. तिथे पूर्ण डायपोल सरळ मावतो. एका गुंठ्याचा कर्ण ४७ फूट, आणि त्यात घरही आलं. इथे इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे मध्य उंच आणि टोकं खाली उतरवलेला डायपोल, कामाला येतो.

एकमजली घराची गच्ची साधारण ११ फुटांवर असते. कठड्याला २० फुटी जीआय पाइप घट्ट क्लॅम्प केला की टोक ३० फुटांवर जातं. तिथून दोन्ही बाजूंना ३३ फुटी तारा कंपाउंडच्या कोपऱ्यांकडे उतरवा, शेवटची टोकं दहा फुटांवर ठेवा. जमिनीवर मोजलं तर हा पसारा साडेबावन्न फुटांचा होतो. म्हणजे कर्णापेक्षा पाचेक फूट जास्त. मग प्रत्येक बाजूची शेवटची तीनेक फूट तार कंपाउंडच्या भिंतीला समांतर वळवून टाका. टोकांत करंट नगण्य असतो, त्यामुळे तिथे वळण चालतं. मधला भाग मात्र सरळ आणि उंच हवा. दोन तारांमधला कोन ९० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका.

पाइप रोवण्याआधी एक चाचणी करा. रिग बॅटरीवर लावा, तात्पुरती तार टांगा आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर एकदम कमी झाली, तर गुन्हेगार घरातच आहे: एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, सोलरचा इन्व्हर्टर. त्यांच्यापासून तार जितकी लांब नेता येईल तितकी न्या.

तार कापणं

१४३ ला मेगाहर्ट्झने भागा, डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ साठी २०.१ मीटर. घराच्या वायरिंगची दीड एमएमची तार उत्तम चालते, पण तिच्या प्लास्टिकच्या आवरणामुळे अँटेना ‘विजेच्या हिशेबात’ किंचित लांब ठरतो. तरीही सुरुवातीला थोडी जास्तच, प्रत्येक बाजूला ३४ फूट, ठेवा आणि नॅनोव्हीएनएवर (अँटेना तपासायच्या छोट्या यंत्रावर) बघत कमी करत या. दोन्ही बाजूंनी १०–१० सेंटिमीटर कमी केलं की रेझोनन्स, म्हणजे अँटेना ज्या फ्रीक्वेन्सीला जुळतो ती, साधारण ७० किलोहर्ट्झने वर सरकते. आपल्याकडे बँड ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ असल्याने ७.१ वर थांबा. कापण्याऐवजी टोक मागे दुमडून पिळलेलं चांगलं, चूक झाली तर उलगडता येतं.

मध्यभागी, जोडणीच्या लगेच खाली, फेराइटच्या (चुंबकीय पदार्थाच्या) मोठ्या रिंगेवर कोॲक्सचे, म्हणजे रिगपर्यंत येणाऱ्या जाळीदार केबलचे, दहा-बारा वेढे घ्या. हा चोक वगळला तर कोॲक्सची बाहेरची जाळीसुद्धा अँटेना बनते आणि घरातली सगळी खरखर थेट रिगमध्ये आणून सोडते. इतक्या कमी फ्रीक्वेन्सीला वीस मीटर आरजी-५८ (बारीक कोॲक्स) पुरते, जाड केबलवर पैसे घालवू नका. ते पैसे जोडणीवरच्या वॉटरप्रूफ टेपवर घाला. माझं पहिलं कोॲक्स एकाच पावसाळ्यात आतून हिरवं पडलं होतं.

ऐंशी मीटर आणि बाकीचे पर्याय

ऐंशीचा पूर्ण डायपोल १३० फुटांचा. तो विसरा. त्याऐवजी इन्व्हर्टेड एल: साधारण २० मीटर तार, जेवढी जमेल तेवढी उभी आणि उरलेली आडवी. पायथ्याशी रेडियल्स, म्हणजे जमिनीत चहूकडे पसरलेल्या तारा, हव्यात. वाफ्यांच्या कडेने, फरशांच्या फटींतून, बोटभर मातीखाली जिथे जागा मिळेल तिथे पुरा. दोन लांबलचक तारांपेक्षा पाच-पाच मीटरच्या सोळा तारा बऱ्या. चाळीससाठी १० मीटरचा उभा अँटेनाही असाच, फक्त आसपासची खरखर तो जास्त पकडतो. ऐंशी मीटरवर रात्री बसायचं तर दिवाळी ते होळी, त्यानंतर वादळांचा कडकडाटच ऐकू येतो.

बाल्कनीवाल्यांना मॅग्नेटिक लूपचा, म्हणजे कपॅसिटर लावलेल्या नळीच्या छोट्या कड्याचा, मोह पडतो. हिशेब बघा: एक मीटर व्यासाच्या लूपचा रेडिएशन रेझिस्टन्स (लहरी बनून बाहेर जाणाऱ्या ताकदीचं माप) चाळीस मीटरवर जेमतेम ०.००६ ओहम, आणि २२ मिलिमीटरच्या तांब्याच्या नळीचा तोटा ०.०३ ओहमच्या पुढे. म्हणजे दिलेल्या ताकदीचा सहावा हिस्सा हवेत, बाकीची नळी तापवण्यात. त्यात शंभर वॉटला कपॅसिटरवर हजारो व्होल्ट चढतात. जागाच नसेल तर ठीक, पण बाग असताना हा पर्याय शेवटचा.

सुरक्षितता

पाइप किंवा तार पडली तरी रस्त्यावरच्या वीजवाहिनीला लागणार नाही, एवढं अंतर सोडाच. यात तडजोड नाही. तारेच्या टोकांवर व्होल्टेज सर्वात जास्त असतं, ती कुणाच्या हाताला लागता कामा नयेत. एप्रिल-मेमधल्या अवकाळीचे ढग दिसले की कोॲक्स रिगमधून काढून खिडकीबाहेर टाका. ‘नंतर काढतो’ म्हणू नका. साधी नायलॉनची दोरी उन्हाने दोन वर्षांत कुजते. मे महिन्याच्या शेवटी, पाऊस यायच्या आत, ती बदला आणि गच्चीवरचे क्लॅम्पही पुन्हा आवळा.