सैन्यातून नागरी नोकरीकडे: बायोडेटा असा लिहा

निवृत्तीच्या किमान वर्षभर आधी कामाला लागा. सेवेत असताना सहज मिळणारी कागदपत्रे नंतर पत्रव्यवहारात अडकतात. सेवेच्या नोंदी, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, वैद्यकीय अहवाल यांच्या प्रती आधीच काढून ठेवा.

बायोडेटात नुसता हुद्दा लिहून भागत नाही. निवड करणाऱ्याला त्यातून काम कळत नाही आणि चांगला माणूस तिथेच मागे पडतो, याचे फार वाईट वाटते. ‘प्लाटून कमांडर’पुढे ‘३० जणांचे कामवाटप, प्रशिक्षण आणि साहित्याचा हिशेब सांभाळला’ असे लिहा. आकडे खरेच द्या. लष्करी संक्षेप उलगडा, गोपनीय तपशील मात्र वगळा. मग सैन्याशी संबंध नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्या. तो जिथे अडखळेल, ती ओळ बदला.

वीजकाम, अवजड वाहन, रुग्णसेवा यांसाठी नागरी परवाना लागतो का, हे अर्जाआधीच तपासा.