नग्न अभ्यासचित्रांच्या साइटवर वयाचा पुरावा देताना

मी आर्वी तालुक्यात राहते. माणसांची चित्रं काढते, त्यात नग्न अभ्यासचित्रंही आली. ती दाखवायच्या-विकायच्या बहुतेक साइट परदेशी. ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून अश्लील मजकूर चालू देणाऱ्या साइटवर वयाची पक्की खातरजमा सक्तीची झाली. अमेरिकेत लुइझियाना राज्याचा असाच कायदा १ जानेवारी २०२३ पासून आहे, टेक्सस राज्याचा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये कायम ठेवला.

लहान पोरांना यापासून दूर ठेवलंच पाहिजे. अठराच्या आतले असाल तर पुढे वाचू नका. पण साइटला कळायला हवं ते एवढंच, की तुमची अठरा पूर्ण झाली. नाव, गाव, आधार नंबर कशाला? आमच्याकडे चित्र बघायच्या आधी ते कोणाच्या घरचं हे विचारतात, म्हणून मी हे जिवाच्या आकांताने सांगते.

कायदे तिकडचे असल्याने इथून पुष्कळदा ‘अठरा पूर्ण’ असं नुसतं बटण दाबून काम होतं. होत असेल तर कागद काढूच नका. मेलवर, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘वय सिद्ध करा’ अशी लिंक आली तर ती उघडू नका. साइटवर स्वतः जाऊन तशी मागणी आहे का ते बघा.

मागणी खरी असेल तर पर्याय वाचा. चेहऱ्यावरून वयाचा अंदाज घेणारी तपासणी असेल तर मी तीच घेते. चेहरा जातो, नाव जात नाही. सेल्फी कोण तपासतं आणि कधी पुसतं, हे त्याच पानावर शोधा. सापडलं नाही तर परत फिरा. क्रेडिट कार्डाने नाव जोडलं जातं. ओळखपत्र अगदी शेवटी. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपने सांगितलं, की वयाच्या तक्रारी हाताळणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून सुमारे ७० हजार लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघडे पडले असावेत.

आधारच द्यायचं झालं तर यूआयडीएआय म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवा, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. ते चाललं नाही तर पूर्ण आधार देण्यापेक्षा ती साइट सोडा. ओटीपी कोणालाच नाही.

आता आपल्या गावची गोष्ट. परदेशी सर्व्हर राहिला दूर, आपले कागद फुटतात ते झेरॉक्सच्या दुकानात. प्रिंटसाठी आपण आधार दुकानदार भाऊंच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो आणि ते तिथेच पडून राहतं. ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. गावात हे कोणाला ठाऊक नाही? म्हणून वयाच्या तपासणीचं काम स्वतःच्याच फोनवर, स्वतःच्या नेटवर करा. घरात फोन एकच असेल तर आधी गॅलरीचा बॅकअप बंद करा, नंतर फोटो कचरापेटीतूनही काढा. मेल आयडी वेगळा ठेवा, त्यात आडनाव नको.

तपासणी झाली की कागद पुसा म्हणून त्या कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. आणि कोणी ‘घरी सांगतो’ म्हणून पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका. स्क्रीनशॉट घ्या, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला फोन लावा.