पुण्यात घोस्ट टूर सुरू करताय? या चुका टाळा (आधी ती पांढरी साडी परत करा)

दर पावसाळा संपला की दोन-तीन जणांचे फोन येतातच. दादा, आम्हाला पण घोस्ट टूर सुरू करायचीय, पुण्यावर खूप प्रेम आहे. प्रेम आहे ना, मस्त, मग पुढचा प्रश्न काय असतो? स्पीकर कुठला घेऊ! अरे आधी गाव तरी नीट बघ.

सगळ्यात कॉमन चूक शनिवारवाड्यापासूनच सुरू होते. नवा पोरगा दिल्ली दरवाजासमोर उभा राहतो आणि बोट दाखवून सांगतो की "याच खोलीत" नारायणरावांना मारलं. कुठली खोली बाबा? १८२८ च्या आगीत आतलं सगळं जळून गेलं, आठवडाभर धुमसत होता वाडा, आता आत नुसती जोती उरलीत. वाडा संध्याकाळीच बंद होतो, म्हणजे रात्रीची टूर बाहेरूनच, हेही काहींना पैसे घेतल्यावर कळतं. आणि मग ते "काका मला वाचवा" ब्लूटूथवर. रात्री दहानंतर स्पीकर लावायला बंदी आहे, पोलीस येतात, आणि ते भुतापेक्षा लवकर येतात.

त्यापेक्षा गोष्ट नीट सांगा ना. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, पेशवा अठरा वर्षांचा. गारदी आत घुसले ते पगार थकलाय म्हणून ओरडत. हे वाक्य आयटीवाल्या ग्रुपला सांगा, आधी हसतात आणि मग गप्प होतात. 'ध' चा 'मा' सगळ्यांना पाठ असतो, पण चापाजी टिळेकर विचारा, दहातल्या नऊ जणांना माहीत नसतो. त्या साध्या सेवकाने नारायणरावांच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं आणि तोही मेला. मी हे नारायण दरवाजापाशी सांगतो, हळू आवाजात, आणि नंतर अर्धा मिनिट काहीच बोलत नाही. स्पीकर नको, काही नको.

दुसरी चूक माझी स्वतःची आहे, म्हणून जरा लांबवर सांगतो. पहिल्या वर्षी मला वाटलं की रूटवर भुतं कमी पडतायत, म्हणून नदीकडच्या एका जुन्या वाड्याच्या विहिरीत मी एक सून ढकलली. म्हणजे गोष्टीत! सासुरवास, अमावस्या, बांगड्यांचा आवाज, सगळा मसाला. लोकांना जाम आवडली, कोणीतरी रील टाकलं, आणि मग रात्री एक-एक वाजता पोरं मोबाईलचे टॉर्च घेऊन त्या वाड्याची भिंत चढायला लागली. मला पत्ताच नाही, मी आपला खुश की बुकिंग वाढलं. एका शनिवारी गोष्ट ऐन रंगात आलेली आणि वरच्या खिडकीतून आवाज, "ए, कोण रे तू? वर ये." वर गेलो. आजी ऐंशीच्या पुढच्या. बस म्हणाल्या नाहीत. "आमच्या घरातली कुठली सून मेली ते नाव सांग," म्हणाल्या. मी काय सांगणार? मग त्याच बोलल्या, की नात रात्री बाथरूमला एकटी जात नाही तुझ्यामुळे, आणि घरात सुना दोन, दोघी जिवंत आहेत, एक आत कणिक मळतीये, बोलावू का?

कान लाल करून निघालो तर म्हणाल्या, "एवढंच सांगायचंय तर पानशेतचं सांग की." १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, पाणी पेठांमध्ये शिरलं, आणि ओसरल्यावर त्याच विहिरीतून कित्येक दिवस नुसता गाळ उपसत होते. वास कसला यायचा ते त्यांनी सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही. आता तो थांबा पुराचा आहे, विहिरीपासून लांब, वाड्याचं नाव न घेता, आणि आजींना विचारून. साडीवाल्या सुनेला कोणी कधी एवढं घाबरलं नव्हतं.

म्हणून माझा नियम झालाय, राहत्या घरात भूत घालायचं नाही. पुण्यात मुंजाबाचा बोळ आहे, खुन्या मुरलीधर आहे, नुसती नावं वाचून लोक थांबतात, तुम्हाला वेगळं काय बनवायचंय? शॉर्टकटवाल्यांना तीन महिने पेठांमधून पायी फिरा सांगितलं की फोन येणं बंद होतं, बरंच आहे.

प्लँचेट, आवाहन वगैरे "प्रीमियम पॅकेज" अजिबात नको. भूत बोलावतो असं सांगून लोकांत घबराट पसरवणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. आणि हा कायदा ज्यांनी लावून धरला त्या दाभोलकरांचा खून याच पुण्यात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर झाला, २० ऑगस्ट २०१३ ला, आणि चारच दिवसांत वटहुकूम निघाला. माझा रूट तिथूनच जातो. त्या पुलावर मी भुताची एकही गोष्ट सांगत नाही. एकाने पैसे परत मागितले होते त्यावरून, दिले.

बाकी किरकोळ. साडी नेसवून कोणाला झाडामागे उभं करू नका, एखाद्याला हार्टचा त्रास असतो. पंधराच्या वर माणसं घेऊ नका, मागच्यांना ऐकू जात नाही आणि ते गप्पा मारतात. बाथरूम कुठे आहे ते आधी शोधून ठेवा, दोन तासांच्या टूरमध्ये हा प्रश्न भुतांपेक्षा जास्त वेळा येतो. अमावस्येचा हट्ट नको, पेठेत एलईडी दिवे आहेत, काळोख तसाही मिळत नाही.

आणि कुत्री! रात्री अकराला बोळात वीस अनोळखी पाय शिरले की जे काही होतं त्याला कुठलीही स्क्रिप्ट पुरत नाही. मी खिशात बिस्किटांचे दोन पुडे ठेवतो, एक जाताना, एक येताना.