पंप बंद पडला तरी इम्पल्स जातो

पहिल्या वर्षाच्या फिजिऑलॉजीच्या (शरीरक्रियाशास्त्राच्या) व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, परीक्षकांनी मला विचारलं, "सोडियम-पोटॅशियम पंप आत्ता बंद केला, तर पुढचा नर्व्ह इम्पल्स जाईल का?" हा पंप म्हणजे पेशीच्या पडद्यातलं सोडियम-पोटॅशियम ढकलणारं प्रथिन, आणि नर्व्ह इम्पल्स म्हणजे चेतापेशीतून जाणारा विजेचा निरोप. मी म्हटलं, नाही. "विचार करून सांग," ते म्हणाले. मी पुन्हा नाहीच म्हटलं. त्या वर्षी मला सप्ली (पुरवणी परीक्षा) लागली. अजूनही तो प्रश्न आठवला की पोटात गोळा येतो.

चेतापेशी, अक्षतंतू, डेंड्राइट हे दहावीपासून तुमच्या ओळखीचं आहे, ते सोडते. मी अडकले ती जागा नीट पाहा. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, हे पंपाचं काम सगळ्यांना पाठ असतं. त्यावरून मी मनाशी धरलं होतं की इम्पल्स आला की सोडियम आत घुसतं, मग पंप ते उपसून बाहेर टाकतो आणि पेशी −70 मिलिव्होल्टवर, म्हणजे शांत असतानाच्या व्होल्टेजवर, परत येते. सीनियरच्या झेरॉक्स नोट्समध्ये बाण काढून हेच दाखवलं होतं. हे साफ चूक आहे. असं लिहाल तर मार्क जातील, आणि पुढचं काहीच जुळणार नाही.

सप्लीच्या अभ्यासाला मी गावी आले होते. तेव्हा शेतातली लाइट रात्रीची होती. बाबा रात्री मोटर लावून टाकी भरून ठेवत. एका सकाळी धाकट्या भावानं विचारलं, लाइट नाही त ओलीत कसं होईन? बाबांनी व्हॉल्व्ह फिरवला अन् म्हणाले, "मोटर बंद हाय त काय झालं, टाकी भरेल हाय ना."

मी तिथंच धुऱ्यावर बसून वही उघडली. पंप म्हणजे मोटर. तो बाहेर सोडियमचा आणि आत पोटॅशियमचा साठा करून ठेवतो. इम्पल्स म्हणजे व्हॉल्व्ह उघडणं. व्होल्टेज साधारण −55 वर आलं की सोडियमचे चॅनेल (पडद्यातली दारं) उघडतात, सोडियम आपल्या उतारानं आत येतं आणि आतली बाजू +30 च्या आसपास जाते. एखाद्या मिलिसेकंदात ते चॅनेल बंद पडतात, पोटॅशियमचे उघडतात, पोटॅशियम बाहेर जातं आणि व्होल्टेज खाली येतं. ते खाली आणतं पोटॅशियम, पंप नाही! एका इम्पल्सला इतके थोडे आयन (सोडियम-पोटॅशियमचे विद्युतभारित कण) हलतात की साठ्याला फरक पडत नाही. हॉजकिन आणि हक्सली यांनी 1952 मध्ये स्क्विडच्या जाड अक्षतंतूवर हे चढउतार मोजून मांडले, 1963 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तशा जाड अक्षतंतूतला पंप थांबवला तरी हजारो इम्पल्स जातात, मग साठा हळूहळू संपतो.

माझं मत स्पष्ट आहे: दुप्पट वेगानं पाहिलेल्या वन-शॉट (अख्खा धडा एकाच बैठकीत उरकणाऱ्या) व्हिडिओतून हे कळत नाही. मराठीत मोठ्यानं बोलून एखाद्याला समजावा, घरी कुणीही चालेल. इंग्रजीची धास्ती घेऊ नका, ती दोन-तीन महिन्यांत जाते. माझी गेली.

सिनॅप्स, म्हणजे एका चेतापेशीचा निरोप पुढच्या पेशीला मिळतो ती जागा, तुमच्या गावात शिकता येतो. अक्षतंतूच्या टोकाशी कॅल्शियम आत येतं, पिशव्या फुटून अॅसिटिलकोलीन हे निरोप नेणारं रसायन बाहेर पडतं, पुढच्या पेशीच्या रिसेप्टरला (निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं आणि अॅसिटिलकोलीनएस्टरेज हे एन्झाइम त्याला लगेच तोडतं. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली फवारणीची औषधं (कीटकनाशकं) हेच एन्झाइम बंद पाडतात. निरोप थांबतच नाही: बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, लाळ आणि घाम गळतो, मांस फडफडतं, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. तेव्हा मी शाळेत होते, फक्त भीती कळत होती. कुणाला असं झालेलं दिसलं तर त्याचे कपडे काढा, अंग साबणानं धुवा (हातमोजे घालून) आणि फवारणीच्या औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखान्यात न्या.

दवाखान्यात देतात त्या अॅट्रोपीन या उताऱ्यानं लाळ, घाम आणि छातीतला कफ आटोक्यात येतो. स्नायूंचा अशक्तपणा मात्र त्यानं जात नाही, कारण अॅसिटिलकोलीनचे रिसेप्टर दोन प्रकारचे असतात: स्नायूंवरचे निकोटिनिक आहेत आणि अॅट्रोपीन फक्त दुसरे, मस्कॅरिनिक, अडवतं. सप्लीच्या व्हायव्हात मला नेमकं हेच विचारलं, आणि मी न अडखळता सांगितलं.